ओवीचा दंड आणि पानाची वेलबुट्टी

नेवाशाच्या पैस खांबावर जो लेख कोरलेला आहे, त्याचा ज्ञानेश्वरीशी काहीही संबंध नाही. एका देवळातला दिवा अखंड तेवत राहावा म्हणून तेलाच्या खर्चासाठी दिलेल्या दानाची ती नोंद आहे. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी गीतेवरची टीका सांगितली अशी परंपरेची श्रद्धा आहे, त्या खांबावर टीकेतले एक अक्षरही नाही. आहे तो तेलाचा हिशेब. खांबाभोवतीचे आजचे मंदिर तर विसाव्या शतकातले. भाविक खांबाला हार घालतात, संध्याकाळी तो उतरवला जातो, दुसऱ्या दिवशी नवा येतो. हार उतरवल्याने खांब उणा होत नाही. कोणी छिन्नी घेऊन तो लेख घासून टाकला तर मात्र काहीतरी कायमचे जाईल. दगडाच्या बाबतीत हा भेद कोणाला समजावून सांगावा लागत नाही. जालावरच्या पानाच्या बाबतीत मात्र तो समजावून सांगण्याची वेळ आली आहे असे माझे मत आहे, आणि त्यासाठी ज्ञानेश्वरीइतके चांगले उदाहरण दुसरे नाही.

या विषयात थोडे तांत्रिक शिरावे लागेल. साहित्याच्या वाचकांनी तेवढा धीर धरावा. जालावरचे कोणतेही पान दोन वस्तूंचे बनलेले असते. एक, मजकूर आणि त्याची रचना: हे शीर्षक, हा परिच्छेद, ही ओवी. ही बाजू एचटीएमएलची. दुसरी, तो मजकूर दिसावा कसा याचे नियम: अक्षर केवढे, रंग कोणता, समास किती. ही बाजू सीएसएसची, म्हणजे स्टाइलशीटची. हा विभाग करावा असा प्रस्ताव होकोन व्युम ली यांनी १९९४ साली मांडला आणि डिसेंबर १९९६ मध्ये त्याचे पहिले मानक प्रसिद्ध झाले. त्यानंतरच्या, मे १९९८ च्या दुसऱ्या मानकात एक चमत्कारिक सोय आली. मजकुरातल्या कोणत्याही घटकाच्या आधी आणि नंतर, मजकुराला हात न लावता, केवळ स्टाइलशीटमधून काहीतरी उमटवता येते: एखादी खूण, एखादे फूल, एखादी रेघ, एखादा आकडासुद्धा. या दोन जागांना 'बिफोर' आणि 'आफ्टर' अशी नावे आहेत आणि त्यांना स्यूडो-एलिमेंट म्हणतात. 'स्यूडो' या शब्दातच सारे आले. ते घटक दिसतात, पण मजकुरात नसतात. वाचकाने पानावरचा मजकूर निवडून उचलला तर ते हाती लागत नाहीत, पानातल्या शोधाला सहसा सापडत नाहीत. ज्या वाचन-सुविधेत ब्राउझर पानाची मूळची शैली बाजूला सारून नुसता मजकूर दाखवतो, तिथेही ते नाहीसे होतात.

सजावटीसाठी ही सोय उत्तमच आहे. ज्ञानेश्वरीचे अठरा अध्याय. प्रत्येकाच्या आरंभी एक वेलबुट्टी आणि अखेरीस एक काढायची तर हाताने छत्तीस ठिकाणी ती टंकावी लागेल, आणि उद्या वेलबुट्टी नको, कमळ हवे असे ठरले तर छत्तीस ठिकाणी खोडावी लागेल. स्टाइलशीटमध्ये दोन ओळींचा एक नियम लिहिला की काम झाले. पण सोयीपेक्षाही मोठा गुण यात आहे, आणि तो कळायला पोथीकडे गेले पाहिजे.

पोथीचा लेखक पानाच्या दोन्ही बाजूंना उभ्या रेघा ओढून समास आखत असे. मजकूर काळ्या शाईने. दंड, क्रमांक, अध्यायसमाप्तीची वाक्ये पुष्कळदा तांबड्याने. चूक झाली तर तिच्यावर पिवळी हरताळ फासून ती झाकायची. 'हरताळ फासणे' हा आपला वाक्प्रचार या लेखनिकांच्या बैठकीतून आला आहे. ओव्या एकाखाली एक मांडण्याची चैन तिथे नव्हती. ओळ संपेपर्यंत अक्षरे सलग चालत. ओवी कुठे संपली हे सांगणारी खूण एकच: दोन दंड, त्यांच्यात क्रमांक, पुन्हा दोन दंड. पोथीवरून पोथी उतरवणारा लेखक समासातल्या रेघा आपल्या कागदाच्या मापाने आखी. वेलबुट्टी काढी वा न काढी. दंड आणि क्रमांक मात्र तो न चुकता उतरवत असे, कारण ते मजकुराचे होते. कोणते उतरवायचे आणि कोणते सोडायचे याचा विवेक त्याच्या हातात होता.

हा विवेक नेहमीच टिकला असे नाही. एखाद्या वाचकाने समासात स्पष्टीकरणादाखल काही लिहून ठेवावे आणि पुढच्या लेखकाने ते मूळचेच समजून ओळीत ओढून घ्यावे, असे जगातल्या सर्वच हस्तलिखित परंपरांत घडले आहे. नेवाशात शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली सिद्ध झालेल्या ग्रंथाची तीनशे वर्षांत काय अवस्था झाली होती, हे एकनाथांनी स्वतःच नोंदवून ठेवले आहे: ग्रंथ मुळात शुद्ध, पण पाठांतरांनी बिघडलेला. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली त्यांनी त्याचे शुद्धीकरण केले आणि अखेरीस एक इशारा लिहिला: या ग्रंथात जो आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असे समजावे. गंमत अशी, की हा इशारा देण्यासाठी एकनाथांनाही पाच ओव्या लिहाव्याच लागल्या. त्या त्यांनी ग्रंथ संपल्यावर, आपल्या नावाने, आपल्या शकासह लिहिल्या. त्या जोडलेल्या आहेत हे लपवले नाही.

ज्यांना मजकुरात शिरताच येत नाही अशा समासाची कल्पना या पार्श्वभूमीवर किती मोलाची आहे हे ध्यानात येईल. स्यूडो-एलिमेंट हा तसा समास आहे. तिथे काढलेले फूल कितीही वेळा मजकूर उतरवला तरी ओवीत मिसळणार नाही. एकनाथांच्या ताटातली नरोटी ताटाबाहेर ठेवण्याची ही यांत्रिक व्यवस्था म्हणायला हरकत नाही.

आणि नेमके इथेच संकट आहे. जे आत शिरू शकत नाही, ते बरोबरही येऊ शकत नाही.

काही दिवसांपूर्वी एका संकेतस्थळावरून (नाव घेण्याचे कारण नाही) मी बाराव्या अध्यायातला एक भाग उचलून माझ्या टिपणांत घेतला. पडद्यावर प्रत्येक ओवीनंतर तांबड्या रंगातले सुबक दुहेरी दंड होते, मध्ये देवनागरी आकडे होते. पोथीची आठवण व्हावी असे देखणे पान. टिपणात उतरले ते दंड आणि आकडे गळालेले चरणांमागून चरण. ओवी कुठे संपते ते यमकावरून ओळखावे लागले. पानाची घडण उघडून पाहिली तेव्हा उलगडा झाला: दंड 'आफ्टर'मध्ये होते, आणि आकडे मजकुरात लिहिलेलेच नव्हते. सीएसएसमध्ये मोजणीची सोय आहे. प्रत्येक ओवीला ब्राउझर आपण होऊन एक-एक आकडा देत जातो, आणि ते आकडे देवनागरीत दाखवता येतात. त्या पानाच्या कर्त्याने दंडाला वेलबुट्टी मानले आणि क्रमांकाला यंत्राचे काम.

यात कोणाचा आळस नाही, हे मुद्दाम सांगतो. उलट ज्याने हे केले त्याला आपल्या विद्येचा अभिमान असणार. 'मजकूर आणि सजावट वेगळी ठेवा' हा मंत्र त्याने मनापासून पाळला. त्याची चूक तंत्रातली नाही, वाचनातली आहे. इंग्रजी कवितेच्या पुस्तकात ओळींच्या शेजारचे आकडे छापखान्याची सोय म्हणून येतात. तिथून घेतलेली सवय त्याने ओवीला लावली.

ओवीचा क्रमांक ही सोय नाही, तो पत्ता आहे. ज्ञानेश्वरीच्या साऱ्या अभ्यासाचा, कोशांचा, निरूपणांचा व्यवहार 'अध्याय अमुक, ओवी तमुक' या पत्त्यावर चालतो. आणि हा पत्ता प्रतीप्रतींत वेगळा असतो. एकूण ओव्या नऊ हजारांच्या आसपास, पण नेमक्या किती याविषयी छापील प्रतींत एकमत नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९०९ मध्ये एकनाथपूर्व मानलेल्या हस्तलिखितावरून जी प्रत छापली तिच्यातल्या ओव्या प्रचलित प्रतीशी जुळत नाहीत. म्हणजे ओवीचा आकडा ही त्या त्या संपादकाची साक्ष आहे: माझ्या मते ही ओवी इथे बसते, आणि तिच्याआधी इतक्याच आहेत. ही साक्ष ब्राउझरच्या मोजणीवर सोपवली तर काय होईल? टंकताना एक ओवी सुटली, तर पुढचे सगळे आकडे एकाने घटतील, आणि गाळलेली जागा दाखवणारी फटसुद्धा उरणार नाही. हाताने लिहिलेल्या आकड्यांत ४७ नंतर ४९ आला तर वाचक थबकतो. यंत्र ४९ व्या ओवीला निमूटपणे ४८ म्हणेल. पसायदानाच्या नऊच ओव्या वेगळ्या पानावर घेतल्या, तर अठराव्या अध्यायाच्या अगदी अखेरच्या त्या ओव्यांना ते यंत्र एकपासून नऊपर्यंत आकडे देऊन मोकळे होईल.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. पाठ करणाऱ्याला, गाणाऱ्याला, मित्राला चार ओव्या पाठवणाऱ्याला आकडे नकोच असतात; मजकूर उचलताना ते मध्ये मध्ये येतात आणि एकेक खोडावे लागतात. मला हा त्रास ठाऊक आहे. पण त्याला उपाय आहे. मजकुरात असलेला आकडा 'उचलताना वगळ' असे स्टाइलशीटमधून सांगता येते. हवे त्या वाचकासाठी तो पुन्हा उचलण्याजोगाही करता येतो. मजकुरात नसलेला आकडा मात्र कोणत्याही युक्तीने वाचकाच्या टिपणात उतरवता येत नाही. असलेले झाकता येते, नसलेले उघडता येत नाही. दोन चुकांपैकी एकच करायची असेल तर कोणती करावी, हे यावरून ठरावे.

दंडाविषयी थोडे अधिक. युनिकोडमध्ये एकेरी आणि दुहेरी दंड या दोन स्वतंत्र खुणा आहेत, आणि तिथे त्यांचा वर्ग विरामचिन्हांचा आहे, अलंकाराचा नाही. पूर्णविरामाचे टिंब स्टाइलशीटमध्ये टाकण्याचा विचार कोणाच्या स्वप्नातही येणार नाही. मग दंडानेच काय पाप केले? बहुधा हेच, की रोजच्या गद्यातून तो हद्दपार झाला आणि लग्नपत्रिकेच्या माथ्यावर, 'श्री'च्या दोन बाजूंना, उरला. पत्रिकेत तो खरोखरच तोरणासारखा लावलेला असतो. तिथली ओळख मनात घेऊन पोथीकडे गेलेल्या माणसाला पोथीतला दंडही तोरण वाटतो. त्यातून दंडाची हेळसांड आणखीही प्रकारांनी होते: कोणी दोन एकेरी दंड शेजारी ठेवून दुहेरी बनवतो, कोणी इंग्रजी कळफलकावरची उभी रेघ वापरतो, कोणी चक्क इंग्रजी 'एल'. डोळ्यांना सारे सारखेच. शोधणाऱ्या यंत्राला चार निराळ्या वस्तू.

डोळ्यांना सारखे दिसले की झाले, या समजुतीची किंमत मराठीने एकदा मोजलेली आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी आपण शिवाजी, श्रीलिपी यांसारख्या फाँटांत लिहीत होतो. पडद्यावर मराठी दिसे, पण साठवलेली असत ती रोमन अक्षरांची सांकेतिक रांग. मराठीपण सगळे फाँटात होते. फाँट गेला आणि मागे कोणालाच वाचता न येणारे गबाळ उरले. कितीतरी नियतकालिकांचे, दिवाळी अंकांचे, व्यक्तिगत लेखनाचे मजकूर आजही या अवस्थेत संगणकांच्या कोपऱ्यांत पडून आहेत, आणि त्यांना सोडवण्यासाठी परिवर्तके वापरावी लागतात. म्हणजे सजावटीच्या स्तरावर ठेवलेला मजकूर सजावटीबरोबर जातो, हा प्रयोग आपल्याकडे करून झाला आहे.

उलट बाजूची चूकही तितकीच सर्रास आढळते, तिच्यावर फार शाई खर्च करत नाही. जे खरोखरच तोरण आहे ते लोक मजकुरात टंकतात: परिच्छेदांच्या मध्ये तारकांची माळ, शीर्षकाखाली बरोबरच्या चिन्हांची रांग, प्रत्येक ओळीआधी एक हस्तचिन्ह. ज्याला दिसत नाही आणि जो यंत्राकडून पान वाचून घेतो, त्याच्या कानावर ही माळ एकेक मणी मोजत येऊ शकते. अशा खुणा 'बिफोर' आणि 'आफ्टर'मध्ये हलवाव्यात हेच योग्य. मात्र हलवले की काम संपले असेही नाही: स्यूडो-एलिमेंटमधले चिन्ह मजकुरात नसले तरी वाचून दाखवणारी यंत्रे ते पुष्कळदा उच्चारतात. ते मूक राहावे म्हणून त्याला रिकामा पर्यायी पाठ देण्याची सोय अलीकडच्या काही वर्षांत ब्राउझरांत आली आहे, ती वापरावी. जालाची मानके ठरवणाऱ्या संस्थेने सुगम्यतेच्या नियमांसोबत सामान्य चुकांची एक यादी दिली आहे, तिच्यात सत्त्याऐंशीवी चूक नेमकी हीच नोंदलेली आहे: जे सजावटीचे नाही ते 'बिफोर-आफ्टर'मधून घालणे. आमचा दंड त्या कलमाखाली येतो.

खरा अवघड प्रांत मधला आहे. जुन्या पोथीत अवतरणचिन्हे नाहीत, स्वल्पविराम नाहीत, उद्गारचिन्हे नाहीत. आधुनिक संपादक ती घालतो: इथे अर्जुन बोलतो आहे, इथे श्रीकृष्ण, इथे ज्ञानेश्वर निवृत्तिनाथांकडे वळले आहेत. ही चिन्हे ज्ञानेश्वरांची नाहीत, पण वेलबुट्टीही नाहीत. तो अन्वय आहे, आणि अन्वय चुकू शकतो. त्यांना स्टाइलशीटमध्ये ढकलणे म्हणजे संपादकाने आपली जबाबदारी रंगाऱ्यावर टाकणे होय. ती मजकुरातच असावीत, पण ही संपादकाची भर आहे अशी नोंद त्यांच्या रचनेत असावी. मग ज्याला निर्भेळ संहिता हवी त्याला ती दिसेनाशी करता येतील. ग्रंथाच्या अखेरची शक सांगणारी ओवी घ्या. तिच्यात ज्ञानेश्वरांनी टीका केली आणि सच्चिदानंदबाबा लेखक झाले, असा उल्लेख आहे. वाचणाऱ्याला ती पुष्पिकेसारखी वाटते: ग्रंथाबाहेरून ग्रंथाकडे पाहून लिहिलेली. पण ती ओवीच्याच छंदात आहे, ओव्यांच्याच रांगेत आहे, आणि ग्रंथ जिथे झाला त्या क्षेत्राचे वर्णन ज्या भागात येते त्याच्याच शेजारी आहे. ती आत की नंतर, हे ठरवण्याचा अधिकार पान सजवणाऱ्याला नाही. ज्या प्रतीवरून टंकले त्या प्रतीने जिथे जो क्रमांक दिला, तिथे त्या क्रमांकासह ती ठेवावी.

आद्याक्षराचीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. परिच्छेदाचे पहिले अक्षर मोठे करण्याची सोय सीएसएसमध्ये अगदी पहिल्या मानकापासून आहे, तोही स्यूडो-एलिमेंटच. रोमन लिपीत पहिले अक्षर कोणते हा प्रश्नच पडत नाही. 'ज्ञानेश्वर' या शब्दाचे पहिले अक्षर कोणते? आपण क्षणाचाही विलंब न लावता 'ज्ञा' म्हणू. संगणकाच्या लेखी मात्र ज, हलन्त, ञ आणि काना अशा चार वस्तू तिथे आहेत, आणि युनिकोडचा अक्षरसमूह तोडण्याचा जुना सर्वसाधारण नियम हलन्तानंतर तुकडा पाडत असे. तो नियम जसाच्या तसा पाळणाऱ्या यंत्राने अर्धा 'ज्' मोठा करून काढावा आणि 'ञा' खाली तसाच सोडावा, असा प्रकार त्यात संभवत होता. देवनागरीसह काही भारतीय लिप्यांची जोडाक्षरे एकत्र धरण्याचा नियम त्यात आला तो २०२३ च्या १५.१ या आवृत्तीत. तरी शिरोरेखा तुटते ती तुटतेच: मोठ्या अक्षराची रेघ वर, पुढच्या अक्षरांची खाली. भर म्हणजे आद्याक्षराला लगटून आलेले विरामचिन्ह मानकानुसार त्याच्यासह मोठे होते; ओवीच्या आधी दंड असेल तर तोही फुगतो. स्वतः ज्ञानेश्वरीला मात्र यातले काहीच बाधत नाही. ती ॐ ने सुरू होते, आणि युनिकोडमध्ये ॐ ही एकच अखंड खूण आहे.

आता इतके सांगितल्यावर मी सजावटीचा वैरी आहे असा कोणाचा समज व्हायला नको. १९५४ ते १९५६ या काळात ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेवाशाजवळ प्रवरेच्या काठी उत्खनन केले. तिथल्या थरांत ताम्रपाषाणयुगीन भांडी सापडली: तांबड्या पृष्ठभागावर काळ्या रंगातल्या भौमितिक रेघा, म्हणजे याच नदीवरच्या जोर्वे या गावाचे नाव ज्या संस्कृतीला मिळाले तिची ओळखखूण. त्या भांड्यांत काय शिजले, काय साठवले ते मातीत मिळून गेले. त्या लोकांचा एकही शब्द आपल्यापाशी नाही. ते कोण, कोणत्या काळाचे, कोणाशी त्यांचे नाते, हे ओळखायला पुरातत्त्वज्ञाला त्या रेघांचा आधार मिळाला. घड्यावरच्या नक्षीतून एक मानवसमूह ओळखू येतो, तर आपल्या पानांच्या वेलबुट्टीतूनही कोणाला कधीतरी आपण ओळखू येऊ. म्हणून ज्या संस्था आणि हौशी मंडळी जुन्या ग्रंथांच्या प्रती जालावर जतन करत आहेत त्यांनी दंड आणि क्रमांक मजकुरात टंकावेत, आणि स्टाइलशीटही, तिच्यावर कर्त्याचे नाव आणि वर्ष घालून, मजकुराशेजारी वेगळी जपून ठेवावी. संकेतस्थळाचे रूप बदलताना जुनी स्टाइलशीट पहिल्यांदा फेकली जाते, तिची प्रतही बहुधा कोणी ठेवत नाही.